चालून दाखवायची जागा

दूध वर येत होतं, ह्यांना दुसरा मोजा सापडत नव्हता आणि मी एका हाताने गॅस बारीक करत दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण दाबत होते, तेवढ्यात पुढच्या दारावर कुणीतरी ठोठावलं. आमच्या दाराला घंटी आहे, चांगली खणखणीत. वाजली की शेजारचेसुद्धा आपलं दार उघडून बघतात. ती सोडून कुणीतरी लाकडावर लाकूड आपटत होतं. तीनदा, मग जरा थांबून पुन्हा तीनदा.

"लोकांना घंटी दिसत नाही का?" असं पुटपुटत हे एका पायात मोजा घालून दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि तिथूनच ओरडले, "अगं ए, तुझं जंगल आलंय!"

दारात खुरपेमावशी उभी होती. खुरपं उलटं धरून त्याच्या मुठीने तिने दार वाजवलं होतं. पायपुसण्यावर पाय देऊ की नको, या विचारात ती पायपुसण्याच्या शेजारी उभी राहिली होती, त्यामुळे माती व्हायची तिथे झालीच होती.

"मावशी, आज पुढच्या दाराने?"

"मागच्या गल्लीत त्या सगळ्या बसल्यात," ती म्हणाली. "बाजाराचा वार आहे ना."

वीस वर्षांत खुरपेमावशी कधी पुढच्या दाराने आलेली नव्हती. मागच्या गल्लीत जंगलातला माल घेऊन वस्तीतल्या बायका रांगेने बसतात, आणि त्या रांगेत पहिली जागा तिची असायची. आमच्या मागच्या पायरीला टेकून.

"वही गेली का?" तिने बसायच्या आधीच विचारलं.

"नाही अजून. अकराला साहेबांची गाडी येणार आहे."

"मग वेळेत आले," असं म्हणून ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. गुडघे दुमडताना तिच्या तोंडून निघालेला आवाज तिने खोकल्यात लपवला.

हे डबा घेऊन गेले. दुसरा मोजा मिळाला नव्हताच, कुठलातरी वेगळाच घालून गेले. मी चहा टाकला. टेबलावर दोन वह्या होत्या, एक माझी कच्ची, एक पक्की. पक्क्या वहीत एक ओळ लिहायची राहिली होती, आणि मावशी त्या ओळीसाठीच आलेली आहे हे तिने न सांगताही मला कळलं होतं.

ही बाई कोण, ते आधी सांगायला हवं.

तिचं खरं नाव मला नोंदवहीचं काम सुरू होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि आता माहीत असूनही मी ते वापरत नाही, कारण तीसुद्धा त्या नावाला पटकन ओ देत नाही. कमरेला कायम खुरपं, म्हणून खुरपेमावशी. मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी तिची आणि माझी पहिली भेट झाली ती भांडणानेच. मी हौसेने मागच्या अंगणात एक झाड एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत लावलं होतं आणि ते मान टाकून बसलं होतं. मावशी पायरीवरून बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काढताना याचं तोंड कुठल्या बाजूला होतं, बघितलं होतं का?"

"झाडाला कुठलं तोंड?" मी म्हटलं. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी झालेली होती माझी, वर्गात दुसरी आले होते. मला काय सांगते ही?

"तुम्हाला रात्रीत उचलून दुसरीकडे तोंड करून बसवलं, तर तुम्ही जेवाल का धड?" असं म्हणून ती उठली, कुंडी अर्धी फिरवली, बोटांनी माती सारखी केली. "हे जमिनीत असतं तर टाच दिली असती. कुंडीत काय देणार, फुटेल."

झाड जगलं. सासूबाईंनी पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट आल्यागेल्याला सांगितली, आणि प्रत्येक वेळी माझ्या पदवीचा उल्लेख करायला विसरल्या नाहीत.

ती टाच म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. आमच्या गावाला लागून जे जंगल आहे, त्यात एक कंद होतो. वस्तीतल्या बायका त्याला एकपानी म्हणतात, कारण वर्षाला तो एकच पान वर काढतो. औषधं करणाऱ्यांना तो लागतो. जमिनीत त्याचे दोन कंद एकमेकांना चिकटून असतात, थोरला आणि धाकटा. थोरला तोडून घ्यायचा. धाकटा होता त्याच बाजूला तोंड करून परत ठेवायचा, माती लोटायची आणि डाव्या टाचेने दाबायचं. घाईत नाही, नीट अंग टाकून. मावशीची डावी टाच त्यामुळे उजवीपेक्षा निराळी झाली होती, रुंद आणि वहाणेच्या तळासारखी कडक. "माझ्या टाचेखाली किती लेकरं वाढली असतील," ती एकदा म्हणाली होती, "आणि घरात बघाल तर एकच पोरगा, तोही लांब कामाला."

नवरा लवकर गेला. मुलाला तिने कंद, डिंक, पानं विकून वाढवलं. तो शहरात गवंड्याच्या हाताखाली लागला, वर्षातून दोनदा येतो. तीन वर्षांपूर्वी सून आली. कमी बोलणारी, भराभर चालणारी. मावशी कौतुकाने सांगायची, "माझ्यापुढे दहा पावलं असते. मी म्हणते, अगं, तुला वाट माहीत नाही आणि तू पुढे? तर म्हणते, तुमच्या श्वासाच्या आवाजावर वळते मी." आणि मग मोठ्याने हसायची. सुनेचं कौतुक करणारी सासू आमच्या गल्लीत तेवढी एकच, त्यामुळे बाकीच्या सासवा तिच्यावर जरा नाराजच असत.

गेल्या वर्षी जंगलखात्याचे एक नवे साहेब आले. तरुण, चष्मा सारखा नाकावर सरकणारे, बोलताना हात जोडणारे. त्यांचं म्हणणं होतं की जंगल जपायचं तर त्यात रोज जाणाऱ्यांना बरोबर घेऊनच जपावं लागेल. आधीचे साहेब वस्तीतल्या बायकांच्या टोपल्या तपासायचे, हे नवे साहेब टोपलीत काय आहे त्याचं नाव विचारायचे. जंगलात काय काय आहे, कोणतं झाड, कोणता कंद, कोणतं पाखरू, किडा, हे वस्तीच्या तोंडून ऐकून एक मोठी नोंदवही करायची ठरली. अक्षर चांगलं आणि झाडांची थोडी माहिती असलेलं कुणीतरी हवं होतं. ह्यांनी परस्पर माझं नाव सांगून टाकलं. मला आनंद झाला, ते का लपवू? वीस वर्षं ज्या पदवीने फक्त पालेभाज्या निवडल्या होत्या, तिला कुणीतरी बोलावलं होतं.

पहिली बैठक खात्याच्या दालनात झाली. साहेबांनी वस्तीतल्या बायकांसाठी खुर्च्या मांडून घेतल्या होत्या, हातांच्या, आणि प्रत्येकीच्या पदराला लावायला एक चिठ्ठी. मावशीने ती हातात धरून मला विचारलं, "काय लिहिलंय?"

"तज्ज्ञ. म्हणजे जाणकार."

"कोण?"

"तुम्ही."

तिने चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ती चिठ्ठी अगदी जपून टाचली. खुर्चीत बसली तेव्हा पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. टाचा अधांतरी. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

मी रकाने आखून ठेवले होते. नाव, ओळख, उपयोग, कोणत्या दिवसांत दिसतं, आणि शेवटचा, कुठे आढळतं. पहिले चार रकाने बायकांनी अशा काही भरून दिले की साहेब चष्मा सांभाळत नुसते ऐकत राहिले. एकपानीच्या पानाखाली एक करडा पतंग अंडी घालतो, दुसऱ्या कुठल्याच पानाखाली घालत नाही, हे मावशीने सांगितलं तेव्हा तर साहेब उभेच राहिले. पण शेवटचा रकाना आला की बायकांची जीभ जड व्हायची. "तिकडे वर." "पाण्याच्या अलीकडे." "मोठ्या दगडापाशी." मोठ्या दगडापाशी काय काय आढळतं ते नंतर मी मोजलं, तर अकरा निरनिराळ्या वनस्पती निघाल्या. एवढं सगळं त्या दगडापाशी असतं तर दगड दिसलाच नसता.

तेव्हा मला वाटलं, यांना नीट सांगता येत नाही. मी, पदवी घेतलेली, असं समजले. म्हणून मावशीची पाळी आली तेव्हा मी पेन खाली ठेवून म्हटलं, "मावशी, निदान तुम्ही तरी नेमकं सांगा. 'तिकडे वर' किती वेळा लिहू मी?"

तिने बाकीच्यांकडे पाहिलं. त्या सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. तिचा हात पदरावरच्या चिठ्ठीकडे गेला. आणि तिने सांगितलं.

नकाशा तिला कळत नव्हता, म्हणून तिने चालत असल्यासारखं सांगितलं. फाटकातून आत, रस्त्याखालच्या दुसऱ्या मोरीपर्यंत. तिथे वीज पडून दुभंगलेलं झाड आहे, त्याच्या डाव्या बाजूने उतरायचं. पाण्याचा आवाज उजव्या कानाला ठेवायचा. तो आवाज जिथे बंद होतो, तिथे थांबायचं आणि खाली बघायचं. मी लिहीत गेले, साहेब नकाशावर खूण करत गेले. मग तिने आणखी एक जागा सांगितली, पहिलीपेक्षा लांबची, वरच्या अंगाची, तशीच, पावलापावलाने. ती साहेबांच्या नकाशाबाहेर पडत होती, म्हणून फक्त माझ्या कच्च्या वहीत उतरली. आंधळा माणूससुद्धा पोहोचला असता.

कोपऱ्यातली एक म्हातारी टोपली उचलून निघून गेली. मला वाटलं, कंटाळली असेल.

साहेब मला म्हणाले, "ताई, सगळ्या वहीत एवढीच माहिती अचूक आहे." मला भरून आलं होतं.

वस्तीतल्या बायकांचा एक रिवाज होता आणि तो मला कुणी सांगितला नव्हता, कारण तोही सांगायचा नसतोच. जागा बसून सांगायची नाही. ज्याला दाखवायची त्याला बरोबर घेऊन चालायचं, पुढे आपण, मागे तो. रस्त्यात त्याचे पाय कसे पडतात, वाटेतली फांदी तो मोडतो की बाजूला करतो, हे बघायचं. पटलं तर जागेपर्यंत न्यायचं. नाही पटलं तर गोल फिरवून परत आणायचं, आणि म्हणायचं, यंदा नाही उगवलं. बसून विचारलं तर बसल्यासारखंच उत्तर द्यायचं. मोठ्या दगडापाशी!

वहीचा पहिला भाग वर गेला. दोन महिन्यांनी जंगलाच्या फाटकाशी एक रंगीत फलक लागला. साहेबांनी हौसेने करून घेतला होता. एकपानीचं मोठं चित्र, त्याखाली "हा आपला ठेवा, आपणच जपू या", शेजारी नकाशा, नकाशावर लाल ठिपका. आणि लाल ठिपक्याच्या बाजूला मावशीचा फोटो, पदराला चिठ्ठी लावलेला. फलकाचं कापड दूर केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मावशी फोटोकडे बघत म्हणाली, "नाक जरा मोठं आलंय." त्यावर आम्ही केवढ्या हसलो.

तीन आठवड्यांत सगळं संपलं.

कोण होते कुणाला माहीत नाही. पहाटे एक गाडी आली आणि उजाडायच्या आत गेली, एवढंच फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं. मी दुपारी साहेबांबरोबर गेले. दुसऱ्या मोरीपाशी दुभंगलेलं झाड होतं. डावीकडे उतरलो. पाण्याचा आवाज उजव्या कानाला होता, मग तो बंद झाला. खड्ड्याला खड्डा लागून होता. थोरला नेला होता, धाकटा नेला होता, हरभऱ्याएवढी पिल्लं होती तीसुद्धा नेली होती. पानं उपटून एका बाजूला ढीग करून टाकली होती, आणि पानांच्या खालच्या बाजूला त्या करड्या पतंगाची अंडी चिकटलेली होती, मोहरीसारखी, उन्हाने वाळत चाललेली.

मावशी आमच्या आधीच पोहोचली होती. ढिगातलं एकेक पान उचलून त्याच्या देठाशी कंदाचा तुकडा राहिलाय का बघत होती. राहिला असला तर खड्ड्यात ठेवायची, माती लोटायची, टाच द्यायची. साहेब म्हणाले, "मावशी, ते नाही जगायचं आता." तिने वर पाहिलंही नाही. मी खाली बसून पानं शोधायला लागले. ती म्हणाली, "तोंड बघून ठेवा." तेवढंच. त्या दिवशी दुसरा शब्द नाही.

पुढच्या हंगामात त्या उतारावर एकही पान वर आलं नाही.

वस्तीत कुणी तिच्याशी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मावशी भांडणात कुणाला हरणारी नाही. रोज सकाळी बायका जंगलात निघतात तेव्हा पहिली दुसरीच्या दाराशी थांबते, "निघालीस का गं?" म्हणते, दोघी तिसरीच्या दाराशी जातात, अशा करत सगळ्या जमतात. फलक लागला त्या महिन्यापासून मावशीच्या दाराशी कुणी थांबत नाही. चपलांचा आवाज येतो, दारासमोरून जातो, पुढच्या घरापाशी हाक ऐकू येते. तिने जागा विकली असं काहींना वाटतं. विकली नाही हे ज्यांना माहीत आहे त्यांनासुद्धा वाटतं, की खुर्चीवर बसून सांगितली, म्हणजे विकल्यातच जमा.

आणि हाक व्यक्तीला नसते, दाराला असते. त्यामुळे सुनेलाही कुणी बोलावेना. एकट्यादुकट्या बाईने आत जायचं नाही, हा त्यांचा नेम, जनावरांमुळे. भराभर चालणारी ती मुलगी आता गावात दोन घरची भांडी घासते. सासूशी बोलत नाही. पाणी भरून ठेवते, ताट वाढून ठेवते, तोंडातून शब्द काढत नाही.

साहेबांनी फलक काढला. जमिनीत त्याच्या खांबांची दोन भोकं तेवढी उरली आहेत. फलक खात्याच्या दालनात दारामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. मावशीचा फोटोही भिंतीकडे बघत असतो.

त्या दुसऱ्या जागेची ओळ माझ्या कच्च्या वहीत तशीच पडून होती. लांबची, वरच्या अंगाची. आज वहीचा दुसरा भाग जायचा होता, आणि ती ओळ त्यात यायची होती.

"चहा घ्या मावशी."

तिने कप घेतला, पण खाली ठेवला. "ती दुसरी जागा लिहिलीत?"

"पक्क्या वहीत नाही अजून. रकाना मोकळा ठेवलाय."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. माझ्यावर इतका विश्वास ठेवायचं तिला काही कारण नव्हतं.

"मावशी, चूक माझी होती. मी तुम्हाला तसं विचारायला नको होतं. माफ करा मला."

"माफी घेऊन काय करू?" ती म्हणाली. "लावली तर उगवते का?" आणि मग, माझा चेहरा बघून, जरा मऊ आवाजात, "तुम्ही विचारलंत. पण सांगितलं ते माझ्या तोंडाने. ती चिठ्ठी लावल्यावर मला वाटलं, आता आपण पण कुणीतरी झालो, आता खुर्चीवरून बोललेलं चालतं. त्या सगळ्या तिथेच बसल्या होत्या, त्यांना नाही वाटलं तसं. मलाच वाटलं."

"त्यांनी सगळं खोटं सांगितलं, मावशी. अख्ख्या वहीत तो मोठा दगड."

"खोटं कसलं? बसून विचारलं, बसल्याचं उत्तर मिळालं."

मी म्हटलं, "मग ही ओळ मी गाळते. रकाना कोरा ठेवून देते वही."

असं म्हणणं सोपं होतं. पण त्यात एक अडचण होती आणि ती मला माहीत होती, म्हणूनच तर चार दिवस रकाना मोकळा पडून होता. वरच्या अंगाने नव्या रस्त्याची आखणी चालली आहे. मी तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा केला, तिलाही ऐकू यावं म्हणून.

"ताई, कोरा रकाना चालत नाही," साहेब म्हणाले. "वही परत पाठवतील. आणि परत येईपर्यंत रस्त्याची माणसं खुंट्या ठोकून मोकळी होतील. पुढच्याच महिन्यात येणार आहेत ती. कागदावर काही नसेल तर तिथे काहीच नाही असं धरतात हो. मी किती बोंबलू?"

"आणि लिहिलं तर?"

"ह्या वेळी फलक लावणार नाही," ते म्हणाले. "पण वही कोण कोण उघडेल, ते मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू तुमच्याशी?" मग म्हणाले, "मावशी कशा आहेत?"

मी मावशीकडे पाहिलं. तिने हाताने, "ठेवा" अशी खूण केली. मी फोन ठेवला. चहावर साय धरली होती.

म्हणजे, लिहिलं तर खणणारे येणार. नाही लिहिलं तर रस्ता येणार. एवढ्या मोठ्या जंगलात एकपानी आता त्या एकाच जागी उरला आहे, निदान मावशीला माहीत असलेला, आणि तो करडा पतंगही तिथेच. घड्याळात सव्वादहा झाले होते.

"मी काल गेले होते तिथे," मावशी म्हणाली.

"एकट्या? ह्या गुडघ्यांनी?"

"एकटी म्हणजे काय..." तिने खुरप्याच्या पात्यावरची माती अंगठ्याने काढली, ती कुठे टाकावी कळेना म्हणून मुठीतच धरली. "पहाटे निघाले. मोरीच्या पुढे गेल्यावर मागे पाचोळा वाजला. जनावर असेल म्हणून थांबले, तर तोही थांबला. चालले, तर तोही चालला. वळून बघितलं. वीस पावलांवर सून. कमरेला पदर खोचलेला. मी बघितलं तशी झाडाकडे बघत उभी राहिली. बोलली नाही. मीही नाही बोलले."

"मग?"

"मग काय, चालले. तीन ठिकाणी बसावं लागलं मला. मी बसले की तीही बसायची, वीस पावलांवर. एके ठिकाणी वाटेत फांदी आली होती. मी वाकून गेले, आणि मग कान देऊन ऐकत राहिले. मोडल्याचा आवाज आला नाही." ती थांबली. "जागेवर पोहोचले. पानं आहेत अजून, बरी आहेत. मी एकाच्या मुळाशी माती ओढली, टाच दिली. आणि मग परत फिरले. तिच्या बाजूने गेले तेव्हा तिने मान वळवली. पण थोडं खाली आल्यावर वळून बघितलं, तर ती तिथे उभी राहून पायाने दाबत होती. डाव्या."

"घरी आल्यावर बोलली?"

"नाही. ताट वाढलं आणि भांडी घासायला गेली."

मी कप उचलून ओट्यावर नेला, दुसरा चहा ठेवायला लागले. हातांना काहीतरी हवं होतं. माझ्या पाठीमागे ती बोलत राहिली, जरा हळू.

"मी आता फार तर एकदोनदा जाईन तिथवर. गुडघे सांगतायत. मग ती जागा एका माणसाच्या पायात राहिली. तुमचे साहेब म्हणतात, रकान्यात काहीतरी पाहिजे. असू दे. रस्त्याचा माणूस येऊ दे, वही वाचणारा येऊ दे, त्याला जे बघायचंय ते वस्तीत येऊन दाराशी उभा राहून मागू दे, आणि सुनेच्या मागून चालू दे. ती बघेल त्याचे पाय कसे पडतात ते. पटला तर नेईल. नाही पटला तर आणेल गोल फिरवून."

"आणि वस्तीतल्या बायका?"

"साहेबाची माणसं तिला शोधत वस्तीत आली, की बायकांना कळेल जागा कागदावर नाही, चालण्यातच आहे. मग थांबतील की नाही आमच्या दाराशी, ते माझ्या हातात नाही."

"पण तिला विचारलंत का, मावशी? तिचं नाव घालायचं तर तिला विचारायला हवं ना?"

"ती बोलतच नाही तर विचारू कशी?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "मागून आली, एवढंच आहे माझ्यापाशी. आता एवढ्यावर चालतं की नाही, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा."

बाहेर कुठलीतरी गाडी थांबल्याचा आवाज आला, आम्ही दोघींनी दाराकडे पाहिलं, पण ती पुढे निघून गेली. मी पक्की वही उघडली, टोपण काढलं. मावशी भिंतीचा आधार घेत उठली, टेबलापाशी आली आणि उभी राहिली. मी खुर्ची पुढे ओढली. तिने मान हलवली आणि तशीच उभी राहून त्या मोकळ्या चौकोनावर बोट ठेवलं. मुठीतली माती थोडी वहीवर सांडली.

"इथे जागा लिहू नका, ताई. इथे माझ्या सुनेचं नाव लिहा."